कोरडे बाहेर, ओले आत

गेल्या जानेवारीत आईचा कऱ्हाडहून फोन आला, तेव्हा मी कॅनडातल्या सॅस्काटून शहरात आमच्या इमारतीच्या आवारात गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत उभा होतो. तापमान उणे एकतीस होते. फोन कानाला लावण्यासाठी टोपी वर सारली, तर कानाची पाळी लगेच बधिर झाली. इकडची थंडी ऐकून आईला नेहमी जेवणाचीच काळजी लागते, त्यामुळे तिने विचारले, "अरे, सहा-सहा महिने जमीन गोठलेली असते म्हणतोस, मग तुम्हाला खायला सगळं बाहेरूनच येत असेल ना?" मी म्हणालो, "नाही गं, उलट आहे. हा देश विकतो जास्त आणि घेतो कमी." तिला ते मुळीच पटले नाही. "मग मागे एक फ्लॉवर आठ डॉलरला का घेतलास?" असे तिने विचारले, आणि त्या थंडीत उभे राहून या प्रश्नाचे उत्तर देणे मला जमले नाही.

तिचा प्रश्न आणि माझे उत्तर, दोन्ही बरोबर होते. ते एकाच वेळी बरोबर कसे असू शकतात, हे नीट मांडावे म्हणून हे लिहीत आहे.

आधी आकडा सांगून टाकतो. कॅनडाने २०२३ साली शेतमाल, तयार खाद्यपदार्थ आणि मासळी मिळून सुमारे ९९ अब्ज कॅनेडियन डॉलरचा माल परदेशी विकला. आयातीचा आकडा याच्या बराच खाली राहतो, आणि अन्न विकणाऱ्या जगातल्या पहिल्या दहा देशांत कॅनडा मोडतो. यामागचे सर्वांत साधे कारण थंडी नसून माणसांची कमतरता हे आहे. मी राहतो तो सॅस्कॅचेवान प्रांत महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आहे आणि त्याची लोकसंख्या जेमतेम बारा लाख, म्हणजे पिंपरी-चिंचवडपेक्षाही कमी आहे. कॅनडाच्या एकूण लागवडीखालील जमिनीपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जमीन या एका प्रांतात आहे. इथल्या लोकांनी दोन्ही वेळा पोट फुटेस्तोवर खाल्ले, तरी इथे पिकलेले संपणार नाही.

मात्र डॉलरमधला हा आकडा गहू, मसूर, डुकराचे मांस, स्ट्रॉबेरी आणि कोथिंबीर एकाच पारड्यात टाकून मोजतो. दिवाणखान्यात बसून बोलायला तो पुरेसा आहे, पण स्वयंपाकघरात गेले की निरुपयोगी ठरतो. इथल्या स्वयंपाकघरात दहा वर्षे काढल्यावर माझ्या लक्षात आलेला हिशेब वेगळा आहे: हा देश कोरडे विकतो आणि ओले विकत घेतो. जे वाळते, पोत्यात राहते आणि महिनोन्‌महिने टिकते ते बाहेर जाते. जे रसरशीत असते आणि चार दिवसांत माना टाकते ते आत येते.

कोरड्याची गोष्ट मला मसुरामुळे कळली. ओळखीच्या एका शेतकऱ्याचे शेत रोझटाऊनच्या बाजूला, सॅस्काटूनपासून गाडीने सव्वा-दीड तासावर आहे. ऑगस्टच्या शेवटी त्याने कापणी पाहायला बोलावले. कऱ्हाड-इस्लामपूर पट्ट्यातल्या महामार्गावरच्या धाब्यांत अख्खा मसूर खात वाढलेल्या माणसाला मसुराचे झाड कसे दिसते हे ठाऊक नव्हते, याची मला त्या दिवशी थोडी लाज वाटली. झाड जेमतेम गुडघ्याइतके असते आणि शेंगा जमिनीला टेकायला आलेल्या असतात. म्हणून पेरणीनंतर शेतावरून जड लोखंडी रूळ फिरवतात, वर आलेले दगड दाबून टाकतात आणि जमीन परटाने इस्त्री केल्यासारखी सपाट करतात. नाही तर कापणीच्या वेळी यंत्राचे पाते दगडावर आपटते. त्या दिवशी कंबाईन यंत्र जमीन अक्षरशः खरवडत चालले होते आणि त्याच्या मागे धुळीचा एवढा लोट उठत होता की ट्रॅक्टरवाल्याने दुपारी चार वाजता दिवे लावले. मग तो मसूर नळीतून ट्रकमध्ये पडू लागला, तेव्हा पत्र्यावर पावसाची सर आल्यासारखा आवाज झाला. मी मूठभर मसूर घेतला, तळहातावर रगडला, आणि वरचे तपकिरी साल निघून आतली केशरी डाळ दिसली. इकडे या वाणाला 'लाल मसूर' म्हणतात. ही लाली सालाखाली असते, हे आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला वेगळे सांगावे लागणार नाही.

हा मसूर इथला मूळचा नाही. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी या मैदानात जिकडेतिकडे गहू होता आणि त्याचे साठे इतके तुंबले होते की, १९७० साली गहू पेरू नये म्हणून सरकारनेच शेतकऱ्यांना पैसे दिले. पुढच्या वर्षी सॅस्कॅचेवान विद्यापीठात पीक विकास केंद्र सुरू झाले आणि १९७२ मध्ये तिथे अमेरिकेतून अ‍ॅल स्लिंकार्ड नावाचे संशोधक आले. त्यांनी १९७८ साली 'लेअर्ड' हा मोठ्या हिरव्या मसुराचा वाण दिला, आणि लाल मसुराचे वाण त्यानंतर आले. आज कॅनडातला नव्वद टक्क्यांच्या आसपास मसूर याच एका प्रांतात पिकतो आणि मसूर निर्यात करणाऱ्या देशांत कॅनडा अग्रभागी असतो. ज्या देशातल्या बहुतेक घरांत आठवड्यातून एकदाही डाळ शिजत नाही, त्याने डाळीचा जगाचा बाजार हातात घ्यावा, ही मला अजूनही काहीशी विनोदी गोष्ट वाटते.

परंतु मसुराला ही हवा मानवते, हे खरे आहे. रोपाच्या खोडाचे पहिले डोळे मातीखालीच राहत असल्यामुळे मे महिन्यात उशिराचे हिव पडून वरचे पान करपले, तरी खालून दुसरा फुटवा येतो. पाऊस पडत राहिला तर हे झाड वेड्यासारखे फुलतच राहते आणि दाणा पक्का होत नाही. ऑगस्टमधली इथली कोरडी हवा त्याला वेळेवर थांबवते. त्यातच मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत साठवतात. पूर्वी इथले शेतकरी एक वर्ष गहू घेत आणि एक वर्ष जमीन पड ठेवत. त्या पड वर्षाची जागा पुढे बऱ्याच ठिकाणी मसूर-वाटाण्याने घेतली.

गव्हाची गोष्ट याहून जुनी आहे आणि त्यात एक धागा आपल्याकडचा आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. सॅस्काटूनला हिवरहित दिवस वर्षाकाठी सुमारे एकशे पंधरा मिळतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे 'रेड फाईफ' हा गहू पेरत असत. भाकरी-पावाला तो उत्तम होता, पण पिकायला उशीर लावत असे आणि सप्टेंबरचे पहिले हिव पुष्कळदा त्याला उभ्या शेतात गाठत असे. भारतातून आणलेल्या 'हार्ड रेड कलकत्ता' या लवकर पिकणाऱ्या गव्हाशी त्याचा संकर १८९२ मध्ये करण्यात आला. त्या संकराच्या वंशातून ओटावाच्या सरकारी प्रयोगशेतावर चार्ल्स साँडर्स यांनी निवड केली. दळायला पुरेसा गहू हाती नसल्यामुळे ते प्रत्येक लोंबीतले काही दाणे चावून बघत आणि तोंडात जो चिकट गोळा तयार होई त्यावरून पाव कसा होईल हे ठरवत. या चावण्यातून 'मार्क्विस' हा वाण निघाला. तो रेड फाईफपेक्षा साधारण आठवडाभर आधी तयार होत असे, आणि तेवढ्या एका आठवड्यामुळे उत्तरेकडची अफाट जमीन गव्हाखाली आली. १९२० पर्यंत या मैदानातला बहुतेक गहू मार्क्विसच होता. म्हणजे या थंड देशाला गहू विकणारा देश करण्यात उष्ण देशातल्या एका बियाण्याच्या घाईचा वाटा आहे. आमच्या घरात सध्या ज्या पोळ्या होतात त्या इथल्याच ड्युरम गव्हाच्या, म्हणजे आपल्या बन्सीच्या जातकुळीतल्या पिवळसर गव्हाच्या आहेत. पीठ थोडे जास्त वेळ भिजवावे लागते, एवढेच.

थंडीमुळे पिकायला मिळणारे दिवस कमी होतात हे सगळेच जाणतात, पण पीक निघाल्यानंतर तीच थंडी फुकटची गोदामवाली होते, हे बाहेरून कळत नाही. शेतात पत्र्याच्या उंच गोल कोठ्या असतात. दाण्यातला ओलावा तेरा-चौदा टक्क्यांवर आला आणि कोठीतून थंड हवा खेळवली की पुढचे पाच-सहा महिने टोके-सोंडे यांची फिकीर उरत नाही. आमच्या घरी आजी मसुराला एरंडेल लावून डब्यात भरत असे आणि तरी श्रावणात तो एकदा उन्हात घालावाच लागे. याच मुद्द्यावरून भारत आणि कॅनडा यांच्यात अनेक वर्षे कागदोपत्री ओढाताण चालली. कडधान्य जहाजात चढण्यापूर्वी त्याला मिथाईल ब्रोमाईड वायूची धुरी दिलेली असावी, अशी भारताची अट होती. कॅनडाचे म्हणणे असे की इथल्या हिवाळ्यात ती कीड जगतच नाही, इतक्या थंडीत धुरी नीट कामही करत नाही, शिवाय ओझोनच्या थराला घातक म्हणून हा वायू जगभर कमी केला जात आहे. भारत मुदतीची सवलत देत असे, मुदत संपत आली की इथल्या व्यापाऱ्यांचे चेहरे उतरत आणि पुन्हा नवी मुदत मिळे.

हीच थंडी माल बाहेर नेताना मात्र आडवी येते. रोझटाऊनचा मसूर समुद्राला लागण्यापूर्वी रॉकी पर्वत ओलांडून दीड हजार किलोमीटर रेल्वेने व्हँकुव्हरला जातो. तापमान उणे २५ च्या खाली उतरले की रेल्वेला गाड्या आखूड कराव्या लागतात, कारण ब्रेकची दाबलेली हवा गोठलेल्या जोडांतून निसटते आणि शेवटच्या डब्यापर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. पूर्वेकडचे थंडर बे बंदर हिवाळ्यात सेंट लॉरेन्सचा जलमार्ग बंद झाल्यामुळे काही महिने निजते, आणि हडसन उपसागरावरच्या चर्चिल बंदरात बर्फ नसण्याचे दिवस उन्हाळा आणि शरदापुरतेच असतात. कडाक्याच्या जानेवारीत व्हँकुव्हरबाहेर जहाजे नांगर टाकून वाट पाहत राहतात आणि त्यांच्या खोळंब्याचे भाडे शेवटी कुणाच्या तरी मसुराच्या भावातून वळते होते.

आता ओल्याकडे येतो. मी इथे २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये आलो, म्हणजे जिभेला घरच्या भाजीची आठवण सर्वांत तीव्र असण्याच्या काळात माझा पहिला जानेवारी आला. त्या महिन्यात कॅनडाभर फ्लॉवरने बातम्यांचे मथळे व्यापले होते, कारण एका गड्ड्याचा भाव सात-आठ डॉलरपर्यंत गेला होता. दुकानात मी तो गड्डा हातात घेतला, मनातल्या मनात त्याचे पावणेचारशे रुपये केले आणि परत ठेवला. दूधविभागापर्यंत जाऊन पुन्हा परतलो आणि घेतला. त्या फ्लॉवरचा देठसुद्धा मी वाया जाऊ दिला नाही. पाने चिरून झुणक्यात घातली. झाले होते असे की, ज्या भागातून हिवाळ्यात भाजी येते तिथे थंडी पडून पीक लांबले होते आणि त्याच वेळी कॅनेडियन डॉलर अमेरिकी डॉलरच्या तुलनेत सत्तर सेंटच्या आसपास घसरला होता. भाजी अमेरिकी डॉलरमध्ये घ्यायची आणि पगार कॅनेडियन डॉलरमध्ये, असा तो पेच होता.

ही भाजी येते कुठून, हे इथल्या दुकानात लेबल वाचत गेले की कळते. उन्हाळ्यात पालेभाज्या कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यातून येतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास तोच व्यवसाय बाडबिस्तरा उचलून अ‍ॅरिझोनातल्या यूमाला जातो. यूमा हे वाळवंट आहे आणि तिथले शेत कोलोरॅडो नदीच्या कालव्यांवर चालते. म्हणजे उणे तीस अंशातल्या माझ्या ताटातली कोशिंबीर वाळवंटातल्या पाण्यावर पोसलेली असते आणि शीतगाडीतून तीन दिवसांचा प्रवास करून येते. २०२२ च्या शरदात सलिनासमध्ये लेट्यूसवर विषाणूचा रोग पडला, तेव्हा इथल्या काही उपाहारगृहांनी सँडविचमधून लेट्यूसच काढून टाकला. टोमॅटो, ढोबळी मिरची, आंबा, अ‍ॅव्होकॅडो यांवर मेक्सिकोचे नाव असते. कोथिंबिरीची जुडी फेब्रुवारीत दोन डॉलरच्या आत मिळाली तर मी दोन जुड्या घेतो आणि एकीची वडी करतो.

कोरड्या-ओल्याचा माझा हा हिशेब सगळीकडे लागू पडतो, असे मात्र नाही. ऑन्टारिओ प्रांताच्या दक्षिण टोकाला लीमिंग्टन नावाचे गाव आहे. उत्तर अमेरिकेतल्या काचघरांची सर्वांत दाट वस्ती तिथे आहे, आणि तिथले टोमॅटो, काकड्या, ढोबळ्या मिरच्या चक्क अमेरिकेला विकल्या जातात. नैसर्गिक वायू जाळून आतली हवा उबदार ठेवायची, धुराड्यातला कार्बन डायऑक्साईड झाडांनाच पाजायचा आणि मेक्सिको-जमैकाहून आलेल्या हंगामी मजुरांकडून तोडणी करून घ्यायची, अशी ती व्यवस्था आहे. या मजुरांची सरकारी योजना १९६६ पासून चालू आहे. थंड देशातला टोमॅटो पिकवायला हातसुद्धा उष्ण देशातूनच आयात करावे लागतात, ही नोंद व्यापाराच्या कुठल्याही तक्त्यात नसते. पूर्व किनाऱ्यावरचे जिवंत लॉबस्टर विमानाने चीनला जातात आणि बटाट्याचे गोठवलेले काप जगभर. तरीही जहाजेच्या जहाजे भरून जाणारा माल पाहिला, तर गहू, कॅनोला (मोहरीच्या कुळातली तेलबी), वाटाणा, मसूर, मोहरी अशी कोरडी यादी पुढे येते.

कोरडे विकणाऱ्याच्या डोक्यावरही टांगती तलवार असते, फक्त ती दुसऱ्या कुणाच्या तरी राजधानीत टांगलेली असते. रोझटाऊनचा तो शेतकरी एकदा मला म्हणाला की तो सकाळी हवामान बघतो आणि त्यानंतर दिल्ली बघतो. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये भारताने वाटाण्यावर एका रात्रीत ५० टक्के आयात शुल्क लावले आणि डिसेंबरात मसूर-हरभऱ्यावर ३० टक्के. व्हँकुव्हरहून निघालेली जहाजे त्या वेळी वाटेत होती. २०२३ च्या डिसेंबरात पिवळ्या वाटाण्यावरचे शुल्क काढले, २०२५ च्या नोव्हेंबरपासून पुन्हा ३० टक्के लावले. मसुरावर २०२५ च्या मार्चपासून १० टक्के शुल्क लावले. त्याच मार्चमध्ये चीनने कॅनडाच्या कॅनोला तेलावर, पेंडीवर आणि वाटाण्यावर १०० टक्के शुल्क लावले.

इथल्या लोकांना यात दिल्लीचा लहरीपणा दिसतो, आणि मी त्यांच्यात बसलेलो असतो तेव्हा मान हलवतो. पण माझे एक मामा लातूरकडे तूर आणि हरभरा करतात. बिनशुल्काचा वाटाणा मुंबई बंदरात उतरला, रगडा-पॅटिसपासून बेसनातल्या भेसळीपर्यंत सगळीकडे पसरला आणि हरभऱ्याचा भाव पडला, की त्यांचा फोन येतो आणि त्यात मला जबाबदार धरल्याचा सूर असतो. हजारो एकर एका घरात कसणारा माणूस आणि सहा एकर कोरडवाहू करणारा माणूस यांची डाळ एकाच बाजारात एकाच भावाने विकली जावी, यात मला न्याय दिसत नाही. मात्र डाळ नव्वद रुपयांवरून दीडशेवर गेली की कऱ्हाडच्या आमच्याच घरात सरकारच्या नावाने खडे फुटतात, हेही मी पाहिले आहे.

या विकणाऱ्या देशाच्या उत्तरेला नुनावुत नावाचा प्रदेश आहे, आणि त्याचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय मला पुरा करता येत नाही. तिथल्या पंचवीस वस्त्यांपैकी एकीलाही दक्षिणेशी जोडणारा रस्ता नाही. उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर जहाजाने वर्षभराचे टिकाऊ सामान येते. दूध, फळे, भाजी विमानाने येते आणि दक्षिणेच्या दुपटी-तिपटीने महाग मिळते. केंद्र सरकारची या मालाला अनुदान देणारी सध्याची योजना २०११ पासून चालू आहे, तरीही तिथल्या अनेक इनुइट, म्हणजे मूळ रहिवाशांच्या, घरांत पुरेसे अन्न नसते. सील, कॅरिबू नावाचे हरीण, मासळी यांवर ही माणसे शतकानुशतके जगली, आणि ती शिकार आजही कामाला येते. पण बंदूक, इंधन आणि बर्फावरची गाडी यांचाही खर्च असतोच. आईचा प्रश्न खरे तर या प्रदेशाबाबत तंतोतंत लागू पडतो. तिथे जवळजवळ सगळे बाहेरूनच येते, आणि ते 'बाहेर' म्हणजे पुष्कळदा याच देशाचा दक्षिण भाग असतो.

मागच्या रविवारी हे सगळे मी आईला फोनवर सावकाश सांगितले. मसुराचे तिने लक्ष देऊन ऐकले, चावून गहू निवडणाऱ्या साँडर्सांबद्दल "बरोबर आहे, आमची आई पण गहू चावूनच घ्यायची," असे म्हणाली, आणि मामांचा विषय निघाल्यावर थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "ते असू दे. फ्लॉवर आता केवढ्याला आहे?"

साडेचार डॉलर, असे मी सांगितले.

"मग या आठवड्यात कोबी घे," ती म्हणाली.